काँक्रीटच्या २८ दिवसांच्या सामर्थ्याचा अंदाज मशीन लर्निंगने कसा बांधावा

एम२५ काँक्रीटचा (२८ दिवसांनी प्रति चौरस मिलिमीटर २५ न्यूटन सामर्थ्य अपेक्षित असलेल्या काँक्रीटचा) स्लॅब ओतल्यानंतर क्यूबचा (त्याच काँक्रीटच्या, दाबून फोडायच्या नमुना ठोकळ्याचा) निर्णायक निकाल २८ दिवसांनी हाती येतो आणि तोपर्यंत वरच्या मजल्याचे सेंट्रिंगही (काँक्रीट ओतण्यासाठीचा तात्पुरता सांगाडा) उभे राहिलेले असते. निकाल कमी आला तर त्या वेळी करता येण्यासारखे फार थोडे उरते. म्हणून ७ दिवसांच्या निकालावरून पुढचा अंदाज बांधण्याची रीत साइटवर रुळलेली आहे: साध्या पोर्टलँड सिमेंटचे काँक्रीट ७ दिवसांत २८ दिवसांच्या सामर्थ्याच्या सुमारे दोन तृतीयांशापर्यंत पोहोचते, असे धरले जाते. मात्र मिश्रणात फ्लाय अ‍ॅश (औष्णिक वीजकेंद्रातील राख) किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतील मळीची पूड) असेल, तर सुरुवातीची वाढ मंद आणि नंतरची वाढ अधिक असते. त्यामुळे एकच गुणोत्तर सगळीकडे लावता येत नाही. अनेक घटकांचा असा एकत्रित परिणाम जुन्या नोंदींवरून शिकून घेणे, हे मशीन लर्निंगचे काम आहे.

पद्धत हाताखालून जावी म्हणून प्रथम तैवानमधील संशोधक आय-चेंग ये यांनी संकलित केलेला, इंटरनेटवर मोफत मिळणारा नोंदसंच घ्यावा. त्यात १,०३० नोंदी आहेत. सिमेंट, स्लॅग, फ्लाय अ‍ॅश, पाणी, सुपरप्लास्टिसायझर (कमी पाण्यातही काँक्रीट प्रवाही ठेवणारे रसायन), खडी, वाळू आणि काँक्रीटचे वय असे आठ घटक दिलेले आहेत, आणि प्रत्येक नोंदीसमोर मोजलेले सामर्थ्य आहे. या संचावर सराव करावा, पण त्यावर शिकलेले मॉडेल आपल्या साइटवर लावू नये. तिथले सिमेंट, तिथली वाळू आणि तिथले हवामान आपले नाही.

खरे काम आपल्या आरएमसी (तयार काँक्रीट पुरवणाऱ्या) प्लांटच्या आणि प्रयोगशाळेच्या रजिस्टरपासून सुरू होते, आणि माझ्या मते निम्म्याहून अधिक मेहनत इथेच घातली पाहिजे. प्रत्येक बॅचसाठी मिक्स डिझाइनमध्ये लिहिलेले नव्हे, तर प्रत्यक्ष तोलून घातलेले प्रमाण नोंदवावे. एका घन मीटरला ३५० किलो सिमेंट आणि १५७ लिटर पाणी ठरले असेल, तर पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४५ होते. पण ७०० किलो क्रश सँडमध्ये (दगड फोडून केलेल्या वाळूमध्ये) ४ टक्के मुक्त ओलावा असेल आणि तो वजा केला नसेल, तर २८ लिटर पाणी नकळत वाढते व गुणोत्तर ०.५३ वर जाते. कागदावर दोन्ही बॅच सारख्याच दिसतात, क्यूब मात्र वेगळे निकाल देतात. मॉडेलला ओलाव्याचा रकाना मिळाला नाही, तर या फरकाचे कारण त्याला कधीच सापडणार नाही. कोकणात किंवा मावळात पावसाळ्यात उघड्यावर पडलेल्या वाळूचा ओलावा दिवसात अनेकदा बदलतो, म्हणून दिवसातून एकदाच मोजून भागत नाही. याशिवाय सिमेंटचा प्रकार व ब्रँड, अ‍ॅडमिक्श्चरची (मिसळायच्या रसायनाची) मात्रा, स्लम्प (ताज्या काँक्रीटच्या प्रवाहीपणाचे माप), ओतण्याच्या वेळचे काँक्रीटचे तापमान आणि क्यूब ठेवलेल्या टाकीतील पाण्याचे तापमान हे रकानेही ठेवावेत. भारतीय मानकानुसार क्युरिंगच्या (क्यूब ओले ठेवून पक्के होऊ देण्याच्या) पाण्याचे तापमान २७ अंशांच्या दोन अंश खाली-वर चालते. विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात ठेवलेली टाकी ही मर्यादा पाळणार नाही, हे उघड आहे.

नोंदी स्वच्छ करताना एक मोह निग्रहाने टाळावा. एखादा निकाल कमी आला एवढ्याच कारणाने तो गाळू नये. क्यूब नीट कॉम्पॅक्ट झाला नव्हता किंवा एका नमुन्याच्या तीन क्यूबपैकी एखादा सरासरीपासून १५ टक्क्यांहून अधिक ढळला, असे ठोस कारण नोंदलेले असेल तरच ती नोंद बाजूला काढावी. आपल्याला ओळखायच्या आहेत त्या बॅच याच कमी निकालांच्या असतात.

यानंतर मॉडेल. संगणकावर पायथन आणि त्यातील सायकिट-लर्न ही मोफत लायब्ररी पुरेशी आहे. आधी साधे रेषीय समीकरण बसवावे, मग रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णयवृक्षांच्या अंदाजांची सरासरी घेणारी पद्धत); पाणी-सिमेंट गुणोत्तर हा स्वतंत्र रकाना करून दिल्यास दोन्हींना मदत होते. ७ दिवसांचा निकाल वापरायचा असेल तर दोन वेगळी मॉडेल करावीत: एक ओतण्याच्या दिवशीच्या माहितीवर चालणारे आणि दुसरे ७ दिवसांनंतर चालणारे.

चाचणीसाठी नोंदी बाजूला काढताना बहुतेक चुका होतात. चिठ्ठ्या टाकल्यासारखी सरमिसळ केली, तर एकाच बॅचचा एक क्यूब शिकवणीत आणि दुसरा परीक्षेत जातो, आणि मॉडेल प्रत्यक्षात आहे त्याहून हुशार भासते. म्हणून तारखेप्रमाणे विभागणी करावी: आधीच्या महिन्यांवर शिकवावे, नंतरच्या महिन्यांवर तपासावे आणि एका बॅचचे सगळे क्यूब एकाच बाजूला ठेवावेत. शिकवणीत निदान एक पूर्ण पावसाळा असला पाहिजे.

चूक न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमध्येच वाचावी. एम२५ साठी मानकाने गृहीत धरलेले प्रमाण विचलन (निकाल सरासरीभोवती किती पसरतात याचे माप) ४ आहे, त्यामुळे लक्ष्य सामर्थ्य (मिश्रण ठरवताना धरायची सरासरी) २५ अधिक १.६५ गुणिले ४, म्हणजे ३१.६ येते. मॉडेलची सरासरी चूकच ४ च्या घरात असेल, तर नुसती सरासरी सांगण्यापेक्षा ते फारसे अधिक काही सांगत नाही, आणि अशा वेळी नवा अल्गोरिदम शोधण्याऐवजी रजिस्टरकडे परत जावे.

रँडम फॉरेस्ट शिकवणीत पाहिलेल्या निकालांच्या पलीकडचा आकडा देऊ शकत नाही. एम२० ते एम४० वर शिकलेल्या मॉडेलला एम६० विचारू नये. सिमेंटचा ब्रँड किंवा वाळूची खाण बदलली, तर नव्या मालाचे पुरेसे निकाल जमा होऊन मॉडेल पुन्हा शिकवेपर्यंत त्याचा अंदाज विचारात घेऊ नये.

अंदाज लक्ष्याखाली आला, तर त्या बॅचचे जादा क्यूब भरावेत, ओलावा पुन्हा मोजावा आणि वजनकाटे तपासावेत. मात्र काँक्रीट स्वीकारायचे की नाकारायचे, हा निर्णय आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाच्या निकषांवर, प्रत्यक्ष फोडलेल्या क्यूबवरच व्हावा. अंदाज कितीही चांगला आला तरी एकही क्यूब कमी भरू नये.