वकिलीच्या अर्जात छंद लिहिताय? या चुका टाळा

सीव्हीच्या तळाशी छंदांच्या दोन ओळी असतात आणि त्या बहुतेक जण शेवटच्या पाच मिनिटांत उरकतात. मुलाखतीत मात्र गप्पांची सुरुवात अनेकदा तिथूनच होते, आणि समोरच्या माणसाचं पोट उलटतपासणीवर चालतं. म्हणून सिद्ध करता येणार नाही ते लिहू नका.

'वाचन, प्रवास, संगीत' यात खोटं काही नाही, पण विचारण्याजोगंही काही नाही. त्याऐवजी 'मराठी आत्मचरित्रांचं वाचन' किंवा 'सह्याद्रीतले ट्रेक. १५ जणांच्या गटाचं नियोजन' असं लिहा. लिहिलेल्या प्रत्येक छंदावर दोन मिनिटं बोलता यायला हवं: शेवटचं काय केलं, कधी, आणि त्यातलं काय आवडलं नाही. बनाव उघडा पडतो तो या शेवटच्या प्रश्नाला.

सगळ्यात जास्त गोंधळ मूटचा, म्हणजे विद्यार्थी काल्पनिक खटला लढवतात त्या अभिरूप न्यायालयाचा. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांत मूटचा सराव अभ्यासक्रमाचाच भाग आहे. त्याला ३० गुण आहेत. इंटर्नशिपही सक्तीची: तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात २०. वर्गातलं मूट 'अवांतर उपक्रम' म्हणून दाखवलं की अर्ज तिथेच हलका होतो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जरूर लिहा, पण नुसतं 'सहभाग' नको. वर्ष, भूमिका, कायद्याचा विषय, कुठल्या फेरीपर्यंत पोचलात, हे सगळं एका ओळीत बसतं: 'आंतरमहाविद्यालयीन मूट, २०२४: संशोधक; लवाद कायदा; प्रतिवादीचं मेमोरियल लिहिलं; उपांत्यपूर्व फेरी.' (मेमोरियल म्हणजे लेखी युक्तिवाद.)

संघात साधारणपणे दोन वक्ते आणि एक संशोधक असतो. संशोधक असलेली मुलं भूमिका लपवतात, ते उगाचच. फर्ममध्ये नव्या माणसाच्या वाट्याला आधी येतं ते निवाडे शोधणं आणि मसुदे करणं.

'लीगल एड कॅम्पमध्ये (मोफत कायदेशीर मदतीच्या शिबिरात) सहभाग' यातून काही कळत नाही. तिथे तुम्ही खुर्च्याही लावल्या असतील. किती अर्ज लिहून दिले, पोटगीचे की रेशनकार्डाचे, ते लिहा. पक्षकाराचं नाव कधीच नको. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात तर पीडितेची ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे (भारतीय न्याय संहिता, कलम ७२, बालकांच्या बाबतीत पॉक्सो कायदा, कलम २३). नाव गाळलं तरी गाव, नातं आणि तारीख यांवरून ओळख पटते, हे विसरू नका.

एकच सीव्ही सगळीकडे पाठवणं हीदेखील चूकच. जिल्हा न्यायालयात काम करणाऱ्या चेंबरला, म्हणजे वकिलाच्या कार्यालयाला, मराठी टायपिंगचा वेग आणि भाषांतराचा सराव उपयोगी पडतो. जमिनीचे दावे चालवणाऱ्यांना मोडी वाचणारा माणूस हवाच असतो, कारण जुने दस्त त्या लिपीत असतात. कॉर्पोरेट फर्मला हीच ओळ तितकी लागणार नाही. तिथे विधी नियतकालिकाचं संपादन वर घ्या आणि तळटिपा तपासल्या की लेख निवडले, तेही सांगा. एकांकिका स्पर्धेत प्रकाशयोजना केली असेल तर 'अभिनय' लिहू नका. शाळेतली वक्तृत्वाची बक्षिसं आता काढून टाका. राष्ट्रीय पातळीवरचं एखादं असेल तरच ठेवा.

वकिलीची सनद मिळालेल्यांनी आणखी जपावं. 'इन्स्टाग्रामवर कायदेविषयक पेज, सल्ल्यासाठी मेसेज करा' ही ओळ अभिमानाने लिहिली जाते, पण विधिज्ञ परिषदेच्या नियम ३६ नुसार वकिलाला जाहिरात करून काम मिळवता येत नाही. घरगुती केकचा व्यवसाय असेल तर नियम ४७ आडवा येतो: वकिलाने स्वतः धंदा चालवायचा नसतो. मित्रमंडळींसाठी केक करत असाल तर 'बेकिंग' एवढंच लिहा. पेज नुसती माहिती देणारं असेल तर आधी त्यावरचा 'सल्ल्यासाठी' हा मजकूर आणि फोन नंबर काढा, मगच त्याचा उल्लेख करा.