एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या ट्रेकसाठी स्लीपिंग बॅग कशी निवडावी

हरिश्चंद्रगडावर डिसेंबरातली एखादी रात्र शालीवर निभावून नेली की थंडी आपल्याला कळली असं वाटायला लागतं. मलाही वाटायचं. हिमालयातल्या पहिल्या ट्रेकसाठी मी बॅग घेतली ती पिशवीवर मोठ्या अक्षरांत '-१०' छापलं होतं म्हणून. पारा शून्याच्या आसपास होता आणि मी रात्रभर कुडकुडत पहाटेची वाट बघत होतो. घरी आल्यावर आतल्या शिवणीतली चिठ्ठी वाचली, तेव्हा उलगडा झाला. -१० हा जीव तगण्याचा आकडा होता. झोप लागण्याचा आकडा त्याच चिठ्ठीवर बारीक अक्षरांत होता: +७.

विमान जिथे उतरतं त्या लुक्लापासून बेस कॅम्प आणि परत म्हणजे साधारण १३० किलोमीटरची चाल, बारा दिवसांची. एवढ्या दिवसांत दोन रात्री झोप झाली नाही तर तिसऱ्या दिवशी पाय बोलतात. म्हणून बुटांइतकाच वेळ बॅग निवडायला द्या.

आधी सगळ्यात थंड रात्र शोधा

ट्रेकमधल्या सरासरी रात्रीचा विचार करू नका. या वाटेवरची सगळ्यात उंच मुक्कामाची जागा गोरक्षेप, उंची ५,१६४ मीटर. लुक्ला आहे २,८६० मीटरवर. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे नुसत्या उंचीमुळे या दोन ठिकाणांत पंधरा अंशांचा फरक पडतो. लुक्लाला रात्री ३ अंश असतील तर गोरक्षेपला -१२ धरून चाला. लॉजमध्ये डोक्यावर छप्पर असतं, पण झोपायच्या खोल्यांच्या भिंती बहुधा प्लायवूडच्या असतात. शेगडी फक्त जेवणाच्या हॉलमध्ये, तीही याकच्या शेणाच्या गोवऱ्यांवर संध्याकाळपुरती. खोलीतली पाण्याची बाटली सकाळी गोठलेली सापडते.

चिठ्ठीवरचे तीन आकडे वाचा

चांगल्या बॅगवर आयएसओ २३५३७ या मानकाप्रमाणे (जुन्या बॅगांवर ईएन १३५३७) तीन आकडे असतात. पहिला 'कम्फर्ट': या तापमानाला एक सर्वसाधारण स्त्री हातपाय सैल सोडून नीट झोपू शकते. दुसरा 'लिमिट': या तापमानाला एक सर्वसाधारण पुरुष मुटकुळं करून कशीबशी रात्र काढतो. तिसरा 'एक्स्ट्रीम': इथे झोपेचा प्रश्नच नाही. काही तास जीव तगेल, पण शरीर धोकादायकरीत्या गार पडू शकतं. दुकानदार कौतुकाने सांगतो तो आकडा बऱ्याचदा हाच. तिन्ही आकडे कुठेच छापलेले नसतील, नुसतं एकच मोठं '-१५' असेल, तर ती बॅग सरळ खाली ठेवा.

ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा एप्रिल-मेमध्ये जाणार असाल तर 'कम्फर्ट' -१० च्या आसपास असलेली बॅग बघा. लॉजवाले वरून ब्लँकेट देतात, पण गर्दीच्या दिवसांत सगळ्यांना पुरेलच असं नाही. डिसेंबर-जानेवारीत जायचं तर आणखी पाच-सात अंश खाली जा. ज्यांना घरीसुद्धा पंखा नको असतो त्यांनी हा हिशेब आणखी थोडा वाढवावा. थंडी सोसण्याची ताकद ज्याची त्याची.

पीस की फायबर?

खरे पैसे जातात ते इथे. बॅग स्वतः ऊब तयार करत नाही, तुमच्या अंगाची ऊब अडवून धरते. अडवते ती आतल्या भरावात साठलेली स्थिर हवा. बदकाचं किंवा हंसाचं मऊ पीस, म्हणजे 'डाउन', थोड्या वजनात सगळ्यात जास्त हवा धरतं आणि दाबलं की मुठीएवढं होतं. -१० 'कम्फर्ट'ची डाउन बॅग साधारण सव्वा ते दीड किलोत बसते. तेवढीच ऊब फायबरमध्ये, म्हणजे कृत्रिम धाग्यांच्या भरावात, हवी असेल तर दोन-अडीच किलो आणि अर्धी सॅक जाते. लुक्लाच्या विमानात सामान सहसा १५ किलोपर्यंतच नेता येतं, तेव्हा हा फरक नुसत्या पाठीला नाही, खिशालाही कळतो.

डाउनवर ६५०, ८०० असे 'फिल पॉवर'चे आकडे असतात. एक औंस पीस किती घन इंच फुलतं, ते त्यातून कळतं. आकडा मोठा तेवढं पीस उंची. पण पीस किती ग्रॅम भरलंय हेही विचारा. ८०० चं पीस चिमूटभरच भरलं तर त्याचा काय उपयोग?

पिसाचं वैर पाण्याशी. भिजलं की गोळा होतं आणि ऊब संपते. फायबर भिजूनही बऱ्यापैकी काम देतं, लवकर वाळतं आणि स्वस्तही पडतं. माझं मत स्पष्ट आहे: बेस कॅम्पला छपराखाली झोपायचं असतं, हवा कोरडी असते, तिथे डाउनच घ्या. सह्याद्रीत उघड्यावर, दवात झोपणार असाल तर फायबर बरं. एकाच बॅगेत दोन्ही साधायला गेलात तर दोन्हीकडे पस्तावाल.

दुकानात आत शिरून बघा

लाज सोडा, बूट काढा आणि बॅगेत झोपा. पाय ताठ केल्यावर बोटांनी तळ दाबला जाता कामा नये, नाहीतर तिथलं पीस चेपून पाय गार पडतात. खांद्यापाशी अगदी घट्टही नको आणि आत दुसरा माणूस मावेल इतकी ऐसपैसही नको, कारण ती मोकळी हवा तापवायचं काम तुमच्याच अंगाला करावं लागतं. म्हणून उंचीवर चौकोनी बॅगेपेक्षा पायाकडे निमुळती होणारी 'ममी' बरी. हूड आवळून फक्त नाक-तोंड बाहेर ठेवा. गळ्याभोवती जाड पट्टी आहे का आणि चेनीच्या आतून भरावाची नळी गेली आहे का, ते चाचपा. गार हवा शिरते ती याच दोन जागांतून. मग अंधारात करावं लागेल तसं डोळे मिटून, आतून, एका हाताने चेन उघडा. कापड दोनदा अडकलं तर दुसरी बॅग मागा.

खालून येणारी थंडी

अंगाखालचं पीस वजनाने चेपतं, त्यामुळे खालून बॅगेचा आधार जवळपास नसतोच. लॉजमध्ये फोमच्या गाद्या असतात, तेवढं भागतं. तंबूत झोपायचं असेल तर चांगली मॅट हवीच. मॅटवर 'आर-व्हॅल्यू', म्हणजे थंडी अडवण्याची तिची ताकद, लिहिलेली असते. गोठलेल्या जमिनीवर ती चारच्या पुढे असावी. दोन मॅट एकावर एक टाकल्या तर त्यांच्या आर-व्हॅल्यूची बेरीज होते, म्हणून जुनी कॅरीमॅट फेकू नका.

विकत की भाड्याने?

एकदाच जाणार असाल तर भाड्याने घ्या. काठमांडूच्या ठमेलमध्ये रोजच्या भाड्यावर बॅगा मिळतात. दुकानातच बॅग पिशवीतून काढून वीसेक मिनिटं पसरून ठेवा, तोवर बाजूला चहा प्या. नीट फुगली नाही किंवा मध्येच रिकामे कप्पे दिसले तर त्यातलं पीस थकलंय. वासही घ्या. स्वतःचा सुती किंवा रेशमी लायनर, म्हणजे बॅगेच्या आत घालायची पातळ खोळ, मात्र घरून न्या. आधी त्या बॅगेत कोण झोपलं होतं, हा विचार मग रात्री छळत नाही.

विकत घेतलीत तर घरी आल्यावर ती छोट्या पिशवीत कोंबून माळ्यावर टाकू नका. महिनोन्महिने दाबून ठेवलेलं पीस पुन्हा तसं फुलत नाही. जुन्या उशीच्या मोठ्या अभ्र्यात सैल भरून कपाटात ठेवा. धुवायची झाली तर ती मार्च-एप्रिलच्या उन्हातच धुवा. कोकणात किंवा मुंबईत जुलैत धुतलेली डाउन बॅग आठवडाभर वाळत नाही आणि तिला येणारा कुबट वास पुढच्या ट्रेकलाही सोबत येतो.