नळीतला खडा: ऑपरेशनआधी आणि नंतर

सोनोग्राफीचा नाहीतर सीटीचा रिपोर्ट हातात आला की आधी दोनच गोष्टी बघा. खडा किती एमएमचा आहे आणि नळीत कुठे अडकलाय. किडनीतून लघवीच्या पिशवीत उतरणारी ही नळी २५-३० सेंटीमीटर लांब, पण आतून जेमतेम ३-४ एमएम. ५ एमएमच्या आतला, त्यातही पिशवीजवळ पोचलेला खडा बहुतेक वेळा आपला आपण पडतो. १० च्या वरचा सहसा पडत नाही. मधल्यांसाठी डॉक्टर गोळी देऊन थोडे दिवस बघतात.

मी लातूरला एका युरोलॉजिस्टकडे ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, ब्रदर (पुरुष नर्स) आहे. उन्हाळा लागला की आमच्याकडे खाटा पुरत नाहीत. दिवसभर रानात, अंगातलं पाणी घामावाटे जातं आणि लघवी दाट होते.

हुलग्याचं माडगं प्या, माझी काही ना नाही. पण कळ थांबली म्हणजे खडा पडला असं धरून बसू नका. नळी गच्च तुंबलेली असली तरी दुखणं कमी होतं आणि वर किडनी गुपचूप फुगत राहते. म्हणून दुखो न दुखो, सांगितलेल्या तारखेला पुन्हा तपासणी करा. महिना-दीड महिना उलटूनही खडा तिथंच असेल तर आणखी वाट बघण्यात अर्थ नाही.

थंडी वाजून ताप आला तर मात्र सकाळची वाट बघू नका, रात्रीच गाडी काढा. तुंबलेल्या लघवीत पू झालेला असू शकतो, तो रक्तात भिनला तर जिवावर बेततं. अशा वेळी डॉक्टर खड्याला हात लावत नाहीत. आधी आतून नाहीतर पाठीतून नळी टाकून लघवीला वाट करून देतात, खडा नंतर. लघवीच बंद झाली, किंवा किडनी एकच आहे, तरी हीच घाई करा.

ऑपरेशन ठरलं की रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर सांगा. स्वतःच्या मनानं बंद करू नका. लघवीत जंतू आहेत का ते सांगणारा कल्चर रिपोर्ट आल्याशिवाय घाई करू नका. खर्चासाठी रेशन कार्ड आणि आधार घेऊन, भरती व्हायच्या आधीच आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यातल्या सरकारी योजनेच्या माणसाला, भेटा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून होत असेल तर मंजुरी आधी लागते. म्हातारी माणसं अजून जुन्या नावानं ‘जीवनदायी’च म्हणतात, तसं म्हणालात तरी त्याला कळतं.

“ब्रदर, टाके किती पडतील?” हा ठरलेला प्रश्न. एकही नाही, मामा. कमरेत इंजेक्शन देतात किंवा पूर्ण भूल. लघवीच्याच वाटेनं बारीक दुर्बीण पिशवीत, तिथून नळीत जाते. खडा दिसला की लेझरनं फोडायचा, तुकडे छोट्या जाळीनं ओढून काढायचे. वरच्या टोकाचा खडा कधी पाण्याच्या दाबानं किडनीत सटकतो, मग लवचिक दुर्बीण लागते. आणि कधी नळीच इतकी आवळलेली असते की दुर्बीण शिरत नाही. जोर केला तर नळी फाटेल. मग नुसता स्टेंट टाकून दोनेक आठवड्यांनी पुन्हा घेतात. बाहेर नातेवाईक भडकतात, “खडा काढलाच नाही!” पण तिथं थांबलेला डॉक्टर शहाणा समजा.

स्टेंट म्हणजे डीजे. जाड शेवईएवढी मऊ नळी, दोन्ही टोकं वळलेली, एक किडनीत, एक पिशवीत. तो आत असेपर्यंत लघवीला सारखं जावंसं वाटतं, लघवी करताना कुशीत दुखतं, उन्हात काम केलं की लघवी लालसर होते. हे चालायचंच, पाणी वाढवा. ताप आला, रक्ताच्या गाठी पडल्या किंवा लघवी अडली तर लगेच या.

आता खरं सांगायचं ते. डीजे काढायचा असतो, आणि लोक विसरतात. बीडच्या धारूर-वडवणीकडचा गडी दिवाळीच्या तोंडावर ऑपरेशन करून जातो, मुकादमाची उचल घेतलेली असते, टोळी ऊसतोडीला कारखान्यावर निघते. दुखत नाही म्हटल्यावर कोण सुट्टी काढतो? सहा महिन्यांनी पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, तो परत येतो तेव्हा डीजेवर खड्याचा थर चढलेला असतो. जे काम पाच मिनिटांचं, बधिर करायची जेली लावून होणारं, त्याला पुन्हा ऑपरेशन लागतं.

म्हणून घरी जाताना डिस्चार्ज कार्डावर डीजे टाकलाय का आणि काढायची तारीख काय, हे सिस्टरकडून मोठ्या अक्षरात लिहून घ्या. मोबाईलमध्ये फोटो काढा, एक फोटो मुकादमालाही पाठवा. टोळीबरोबर जायचंच असेल तर कार्ड सोबत न्या. कोल्हापूर-सांगलीकडचा कुठलाही युरोलॉजिस्ट ते बघून डीजे काढून देईल. नंतर एकदा सोनोग्राफी करून किडनीची सूज उतरली का तेवढं बघा.