साहित्याच्या तासाला विज्ञान कादंबरी शिकवताना

विज्ञान कादंबरी वर्गात वाचायला घेतली की विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : ‘हे खरोखर शक्य आहे का?’ प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु सगळी चर्चा त्याच्याभोवतीच फिरू लागली तर तास विज्ञानाचा होतो आणि कादंबरी बाजूला राहते. म्हणून शिक्षकाने वाचनाआधीच वेगळा प्रश्न फळ्यावर लिहावा : लेखकाने आपल्या जगात नेमकी कोणती गोष्ट बदलली आहे, आणि ती आपल्याला पटावी यासाठी त्याने काय काय केले आहे?

एच. जी. वेल्स यांची १८९५ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘द टाइम मशीन’ ही कादंबरी या अभ्यासाला मला फार सोयीची वाटते. ती लहान आहे, आणि तिच्यातील गृहीत एकच आहे : काळात प्रवास करणारे यंत्र.

सुरुवातीचा भाग मोठ्याने वाचावा. लांबी, रुंदी, उंची यांच्यासारखीच काळ ही चौथी मिती आहे, असे कालप्रवासी आपल्या पाहुण्यांना समजावतो आणि ते शंका काढत राहतात. या शंका विद्यार्थ्यांना अधोरेखित करायला सांगाव्यात, म्हणजे वाचकाच्या मनात येणारा आक्षेप लेखकाने आधीच पात्रांच्या तोंडी घातला आहे हे त्यांना आपोआप दिसेल. नंतर यंत्राच्या वर्णनाकडे वळावे. त्यात निकेल आहे, हस्तिदंत आहे, स्फटिक आहे. मात्र यंत्र कसे चालते हे कुठेच सांगितलेले नाही. पटवण्याचे काम तपशील करतो आणि स्पष्टीकरण टाळले जाते, ही कारागिरी ओळखायला शिकणे हाच साहित्याचा अभ्यास.

मधल्या भागाला घाई करू नये. किमान दोन तास द्यावेत. प्रवासी ८,०२,७०१ या वर्षात पोहोचतो, तेथील नाजूक, फलाहारी, जिज्ञासा हरवलेले एलॉय नावाचे लोक पाहतो आणि सर्व अडचणी संपल्यामुळे माणूस दुबळा झाला असावा, असा निष्कर्ष काढतो. पुढे जमिनीखाली राहणारे मॉरलॉक दिसतात, तेव्हा मालक आणि कामगार यांच्यातील दरी वाढत वाढत माणसाच्या दोन वेगळ्या जीवजाती निर्माण झाल्या, असे त्याला वाटू लागते. आणि मॉरलॉक एलॉयना खातात हे कळल्यावर कोण कोणावर हुकमत गाजवते याचाही त्याला नव्याने विचार करावा लागतो. वहीत दोन रकाने आखून एकात त्याने काय पाहिले आणि दुसऱ्यात त्यावरून काय मानले, हे प्रकरणागणिक नोंदवून घ्यावे. आपले स्पष्टीकरण चुकीचे असू शकेल, अशी कबुली तो स्वतःच देतो. ते वाक्य विद्यार्थ्यांनी शोधून काढावे.

वेल्स यांनी जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्स्ले यांच्याकडे जीवशास्त्र शिकले होते आणि इंग्लंडमधील वर्गभेद ते जवळून पाहत होते, ही पार्श्वभूमी वाचन झाल्यावरच सांगावी. आधी सांगितली तर विद्यार्थी कादंबरीत तेवढेच शोधतात.

जुन्या पडलेल्या विज्ञानाचा प्रश्न येतोच. तीन कोटींहून अधिक वर्षांनंतर विझत चाललेला, अवाढव्य लाल सूर्य या कादंबरीतला प्रवासी एका समुद्रकिनाऱ्यावरून पाहतो. सूर्याची उष्णता त्याच्या आकुंचनातून येते असे एकोणिसाव्या शतकात मानले जात होते, त्यामुळे त्याचे आयुष्य काही कोटी वर्षांत मोजले जाई. अणुसंमीलन, म्हणजे अणुकेंद्रके एकत्र येऊन ऊर्जा निर्माण होणे, समजल्यानंतर सूर्याला अजून सुमारे ५०० कोटी वर्षे आहेत असे आपण मानतो. एवढे सांगून तो किनाऱ्याचा प्रसंग पुन्हा वाचावा आणि आकडा चुकल्यामुळे तिथली थंडी व शांतता उणावते का, हे विचारावे. माझ्या मते तसूभरही उणावत नाही, पण उत्तर विद्यार्थ्यांनी द्यावे.

लेखनासाठी सारांश मुळीच मागू नये. संपूर्ण प्रवास आपल्याला एकाच माणसाच्या तोंडून कळतो आणि तोही दुसऱ्या एका श्रोत्याने सांगितलेला. त्यामुळे ‘कालप्रवासी खरे बोलतो आहे का?’ हा विषय द्यावा. खिशातून निघालेली दोन पांढरी फुले, त्याचे लंगडणे, अर्धवट भरलेल्या जखमा, पाहुण्यांचा अविश्वास, असे दोन्ही बाजूंचे पुरावे संहितेत आहेत. प्रत्येक विधानासोबत कादंबरीतील ओळ उद्धृत करणे बंधनकारक ठेवावे, आणि गुण निष्कर्षाला न देता त्या ओळीच्या वाचनाला द्यावेत.