गॅस भट्टी लावण्याआधी: सिलिंडर जोडणीची तयारी

मातीची भांडी भाजायच्या गॅस भट्टीची पहिली तयारी कागदावर, पाना हातात घेण्याआधी. बर्नरवर किलोवॅटचा आकडा असतो. नसेल तर बनवणाऱ्याकडून लिहून घ्यावा. एक किलो एलपीजी जळला की साधारण १२.८ किलोवॅट-तास उष्णता मिळते. सगळे बर्नर मिळून ३० किलोवॅटचे असतील, तर पूर्ण जोरावर भट्टी तासाला सुमारे २.३ किलो गॅस खाणार. आता हा गॅस सिलिंडरमधून त्या वेगाने बाहेर येईल का, हे बघायचं. आत गॅस पातळ रूपात असतो आणि त्याची वाफ होताना तो उष्णता सिलिंडरच्याच पत्र्यातून ओढून घेतो. ओढ जास्त झाली की सिलिंडर गार पडतो, बाहेरून दव धरतो, मग बर्फ, आणि दाब उतरतो. हे नेमकं होतं कधी, तर भट्टी ११०० अंशांच्या पुढे गेलेली असते, ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा लेप) वितळायला लागलेलं असतं आणि गॅसची गरज सर्वांत जास्त असते तेव्हा.

१९ किलोच्या एका सिलिंडरकडून सलग काही तास तासाला एक किलोपेक्षा कमीच अपेक्षा धरावी. अर्धा रिकामा झाला की आणखी कमी. आपला एलपीजी प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण आहे. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतं, ब्युटेन शून्याच्या जेमतेम खाली. म्हणून नाशिकच्या किंवा महाबळेश्वरच्या जानेवारीतल्या पहाटे सिलिंडरमधलं प्रोपेन आधी निघून जातं आणि मागे राहिलेलं ब्युटेन पुरेसा दाब देत नाही. मुंबईच्या मे महिन्यात जमलेला हिशेब तिथे चालत नाही. याला खरा उपाय एकच: एका मॅनिफोल्डवर, म्हणजे अनेक फाट्यांच्या सामाईक पाइपावर, तीन-चार सिलिंडर एकत्र जोडायचे, म्हणजे ओढ वाटली जाते. मोठ्या भट्टीला तेवढ्यानेही भागत नसेल, तर व्हेपोरायझर (पातळ गॅसला उष्णता देऊन त्याची वाफ करणारं यंत्र) लागतो आणि तो कंपनीच्या माणसाकडूनच बसवून घ्यावा. गार पडलेल्या सिलिंडरवर उकळतं पाणी ओतणं, शेजारी शेगडी ठेवणं, तो आडवा करून ‘उरलेला गॅस काढणं’ हे प्रकार मला अजिबात मान्य नाहीत. आडव्या सिलिंडरमधून पातळ गॅस नळीत शिरतो, आणि पातळ गॅसची वाफ झाली की तो सुमारे अडीचशे पट जागा मागतो. रेग्युलेटर आणि बर्नर त्यासाठी बनवलेलेच नसतात.

किती सिलिंडर आणायचे हे ठरवताना कायदाही समोर ठेवावा. गॅस सिलिंडर नियम, २०१६ प्रमाणे १०० किलोपर्यंतच्या एलपीजी साठ्याला परवाना लागत नाही. १९ किलोचे पाच म्हणजे ९५ किलो. चालू तीन आणि राखीव तीन अशी मांडणी केली की ११४ किलो होतात आणि मर्यादा ओलांडली जाते. चार जोडलेले आणि एक राखीव हे लहान स्टुडिओला बसतं. घरगुती १४.२ किलोचा लाल सिलिंडर इथे आणायचाच नाही. व्यवसायासाठी तो वापरणं बेकायदा आहे. ४७.५ किलोचा घेणार असाल तर मागणी नोंदवतानाच ‘वाफेचा व्हॉल्व्ह हवा’ असं स्पष्ट सांगा. पातळ गॅस काढणाऱ्या व्हॉल्व्हचेही सिलिंडर मिळतात आणि ते व्हेपोरायझरशिवाय जोडणं धोक्याचं आहे.

सिलिंडर उतरवून घेताना सील, वायसर आणि मानेच्या पट्टीवरची तारीख बघायची. ‘बी-२७’ म्हणजे २०२७ च्या एप्रिल ते जून या तिमाहीपर्यंत चाचणीची मुदत आहे. ए, बी, सी, डी या वर्षाच्या चार तिमाह्या. मुदत उलटलेला सिलिंडर तिथल्या तिथे परत द्या.

जागेबद्दल मी फार हट्टी आहे. एलपीजीची वाफ हवेच्या दीड ते दोन पट जड असते. ती वर जात नाही, जमिनीलगत सरकते आणि मोरी, गटार, पायरीखालचा खळगा, तळघर अशा सखल जागी साचते. हवेत तिचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास गेलं की ठिणगी पुरते. म्हणून सिलिंडर बाहेर, उभे, सपाट पक्क्या जमिनीवर, सावलीत, भिंतीला साखळीने बांधलेले असावेत आणि जवळ गटाराची जाळी नसावी. भट्टी आणि सिलिंडर यांच्यात भिंत हवीच. अंतर तीन मीटरपेक्षा जास्त जेवढं मिळेल तेवढं. पावसाळ्यात वर पत्रा टाकावा, पण बाजू ताडपत्रीने बंद करू नयेत.

मग जोडणी. प्रत्येक सिलिंडरपासून मॅनिफोल्डपर्यंत उच्च दाबाची, एलपीजीसाठीच असलेली आयएसआय खुणेची पिगटेल, म्हणजे जोडणीची आखूड नळी. प्रत्येक फाट्यावर बॉल व्हॉल्व्ह आणि गॅस उलटा जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. त्यापुढे दाब कमी करणारा रेग्युलेटर आणि दाबमापक. तिथून भट्टीपर्यंत स्टीलचा पाइप, त्याला पिवळा रंग, आणि भट्टीजवळ पण झळ लागणार नाही अशा जागी हाताला चटकन सापडणारा मुख्य कॉक. स्वयंपाकघरातला रेग्युलेटर ३० मिलीबारच्या आसपास अडकवलेला असतो. व्हेंचुरी बर्नरला, म्हणजे गॅसच्या झोतानेच हवा ओढून घेणाऱ्या बर्नरला, तो पुरत नाही आणि त्याची केशरी नळी भट्टीला लागणाऱ्या जास्त दाबासाठी नसते. प्रत्येक बर्नरला ज्योत विझताच गॅस तोडणारं थर्मोकपलचं (ज्योतीची उष्णता ओळखणाऱ्या तारेचं) सुरक्षा उपकरण हवं. खर्च कुठे वाचवायचा असेल तर भट्टीत भांडी मांडायच्या शेल्फवर वाचवा, इथे नको. मॅनिफोल्ड आणि पाइपाचं काम अधिकृत फिटरकडूनच करून घ्या. आपण बघायचं, विचारायचं आणि समजून घ्यायचं.

गळतीची चाचणी भट्टी लावायच्या आदल्या दिवशी, उजेडात. बर्नरचे कॉक बंद ठेवून लाइनमध्ये गॅस घ्या आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचा दाट फेस लावा. बुडबुडा फुगला की गॅस बंद करून सांधा पुन्हा करायचा. दाब असताना नट आवळायचा नाही. मग सिलिंडर बंद करून दाबमापकाचा काटा लिहून ठेवा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. काडी ओढून गळती शोधायची नाही. वासावरही विसंबू नये, थोड्या वेळाने नाक त्याला सरावतं.

पेटवण्याच्या दिवशी सुती कपडे, बांधलेले केस, हातमोजे. डॅम्पर (धुराड्याची झडप) उघडा, दार उघडं, आधी आग आणि मग गॅस हा क्रम कधी बदलायचा नाही. ज्योत धरली नाही तर गॅस बंद करून निदान दहा मिनिटं थांबावं. न जळलेला गॅस भट्टीच्या तळाशी बसलेला असतो. रिडक्शन देताना, म्हणजे भट्टीतली हवा मुद्दाम कमी करताना, डॅम्पर ओढला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही आणि धुळीचा मास्क त्यावर काहीच कामाचा नाही. खिडक्या उघड्या आणि डोक्याच्या उंचीवर मोनॉक्साइडचा अलार्म, ही दोन्ही हवीत. पावडरचं अग्निशामक भट्टीच्या बाजूला नको, बाहेर पडण्याच्या वाटेवर ठेवा. आणि पेटलेल्या गळतीची ज्योत गॅस तोडता येत असेल तरच विझवायची, नाहीतर विझलेल्या ज्योतीमागून न जळलेला गॅस खोलीभर पसरतो. १९०६ हा गॅस गळतीचा क्रमांक आणि १०१ अग्निशमन दलाचा, दोन्ही भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. चालू भट्टी सोडून जेवायला जायचं असेल, तर ती बंद कशी करायची हे माहीत असलेला माणूस तिथे बसवून जा.

भट्टी उतरवताना आधी सिलिंडर बंद. लाइनमधला उरलेला गॅस जळून जाऊ द्या, मग बर्नरचे कॉक, मग मुख्य कॉक. काटा शून्यावर आला की पिगटेल सोडवून व्हॉल्व्हवर टोपण बसवा. रिकाम्या सिलिंडरमध्येही वाफ उरलेली असते, तेव्हा एजन्सीची गाडी येईपर्यंत तोही बाहेर, उभा आणि साखळीत बांधलेलाच ठेवायचा.