व्हॅलोरंटची घरगुती टूर्नामेंट: टीम कशा पाडाव्यात, आणि बाकीचं

व्हॅलोरंट म्हणजे पाच विरुद्ध पाच असा ऑनलाइन नेमबाजीचा खेळ; तेरा राउंड आधी जिंकेल त्याची मॅच. त्याची मित्रमंडळींची टूर्नामेंट भरवायची म्हटलं की जो तो पोस्टर, बक्षीस आणि ब्रॅकेटबद्दल (कोण कुणाशी खेळणार त्या तक्त्याबद्दल) सल्ला द्यायला लागतो. ही तिन्ही कामं एका संध्याकाळी होतात. टूर्नामेंट रंगते की फसते ते टीम कशा पाडल्या यावर ठरतं, आणि त्याबद्दल मात्र "करा काहीतरी रँक बघून" यापलीकडे कुणी बोलत नाही. आमचा डिस्कॉर्डवरचा कट्टा २०२० च्या लॉकडाऊनमध्ये जमला. पुणे, सांगली, नाशिक, सातारा, एकजण दुबईत. तेव्हापासून वर्षाला दोन टूर्नामेंटा मी भरवतो, एक दिवाळीनंतर आणि एक मे महिन्यात. खाली लिहिलंय ते या अनुभवातून.

अकाउंट, चालणारा माइक आणि मुंबई सर्व्हरवर बरा पिंग सगळ्यांकडे आहे असं धरतो.

आकडा, तारीख, फी

तीस जण घ्या. सहा टीम होतात. तीन-तीन टीमचे दोन गट पाडा, गटात प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं. शनिवारी सहा मॅच, रविवारी दोन सेमीफायनल आणि फायनल, एकूण नऊ. मॅचला पाऊण तास धरा आणि दोन्ही गट एकाच वेळी चालवा. शनिवारी साडेनऊला सुरू केलं तर बाराच्या आत आटपतं. आठला सुरू करू नका, लोक जेवत असतात. गटात तिघांनी एकेक मॅच जिंकली तर राउंडचा फरक बघायचा, आणि हे आधीच सांगून ठेवायचं. सरळ नॉकआउट ठेवा असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. आठवडाभर वाट पाहिलेल्या माणसाला पाऊण तासात घरी पाठवायचं, याला मैत्रीची टूर्नामेंट म्हणत नाहीत. प्रत्येकाला किमान दोन मॅच मिळाल्याच पाहिजेत.

एंट्री फी घेऊ नका, शंभर रुपयेसुद्धा नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्यात बंदी आहे, ई-स्पोर्ट्सना वेगळी मान्यता आहे आणि तिची रीत वेगळी आहे. आपल्या तीस जणांच्या कार्यक्रमाला त्या भानगडीत जायची गरज नाही. शिवाय पैसे आले की हरल्यावर लोक हिशेब मागतात.

फॉर्ममध्ये काय विचारायचं

आत्ताची रँक विचारा, पण आजवरची सर्वांत वरची रँकही विचारा. व्हॅलोरंटच्या आधी काय खेळत होता ते विचारा. सायबर कॅफेत दहा वर्षं काउंटर-स्ट्राइक १.६ खेळलेल्या माणसाने नवीन अकाउंट काढलं आणि त्यावर ब्रॉन्झ, म्हणजे अगदी खालची रँक, दिसतंय, तर तो ब्रॉन्झ नाही. लाडका एजंट (खेळातलं पात्र) सोडून दुसरा कोणता चालेल, तेही विचारा. आणि शेवटचा प्रश्न: एकच नाव सांगा, ज्याच्याबरोबर टीममध्ये असलात तर तुम्हाला मोकळं वाटेल.

टीम पाडणे

इथे मी दोन वर्षं चुकत होतो, म्हणून सविस्तर सांगतो.

कॅप्टननी आळीपाळीने माणसं निवडायची, ही पद्धत आधी डोक्यातून काढा. सगळे तीच सुचवतात. शाळेत कबड्डीला टीम पाडताना शेवटी उरलेलं पोर आठवा. इथे ते पोर तीस जणांच्या व्हॉइस चॅनलवर बसून आपलं नाव यायची वाट बघत असतं. आमच्याकडे एकदा शेवटच्या फेरीत एका कॅप्टनने "बरं, मग हा" असं म्हटलं. तो "हा" पुढच्या टूर्नामेंटला आलाच नाही. उलटसुलट क्रम लावला, म्हणजे पहिल्या फेरीत एक ते सहा आणि दुसरीत सहा ते एक, तरी हे दुखणं जात नाही. आणि कॅप्टन आधी मित्र उचलतात, मग खेळाडू.

मग मी रँकची बेरीज करायला लागलो. व्हॅलोरंटमध्ये आयर्न १ पासून रेडियंटपर्यंत २५ पायऱ्या आहेत: आयर्न, ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड, असेंडंट, इम्मॉर्टल यांच्या तीन-तीन आणि सर्वांत वर रेडियंट. आयर्न १ ला एक गुण, रेडियंटला पंचवीस, आणि सगळ्या टीमची बेरीज सारखी करायची. दिसायला बिनतोड, पण चूक. आमच्या एका टीममध्ये एक इम्मॉर्टल २ आणि चार सिल्व्हर २ होते: २३ अधिक चार वेळा ८, म्हणजे ५५. समोर पाच गोल्ड २, पाच वेळा ११, तेही ५५. मॅच १३-३ अशी संपली. गोल्डवाली पाचही मुलं चांगली खेळणारी होती, आणि त्यातल्या एकाने मला सरळ विचारलं, "दादा, आम्ही कशाला खेळलो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कारण या खेळाच्या रचनेतच आहे. मेलेला माणूस सहसा तो राउंड संपेपर्यंत परत येत नाही. एका तगड्या खेळाडूने सुरुवातीलाच दोघांना पाडलं की त्याच्याबरोबरचे चार सिल्व्हरही पाच विरुद्ध तीन खेळत असतात. त्यात पैशाचं गणित. पहिल्या पिस्तूल राउंडला सगळ्यांकडे ८०० क्रेडिट (बंदुका घ्यायचे खेळातले पैसे) असतात. जिंकणाऱ्यांना राउंडचे ३००० मिळतात, हरणाऱ्यांना १९००. व्हँडल ही मोठी रायफल २९०० ची. म्हणजे एकाच्या जोरावर पिस्तूल राउंड जिंकला की पुढच्या राउंडला ते बंदुका घेऊन येतात आणि समोरचे परत पिस्तुलं घेऊन. थोडासा फरक असा दामदुप्पट होत जातो.

म्हणून वरच्या पायऱ्या फुगवून मोजा. मी असेंडंटला पाच आणि इम्मॉर्टलला दहा गुण जास्त देतो. मग त्या इम्मॉर्टलवाल्या टीमची बेरीज ५५ ची ६५ होते, म्हणजे समोर पाच गोल्ड नाही, पाच प्लॅटिनम १ हवेत. हे गणित प्रत्यक्षात जमतं. हे आकडे माझ्या कट्ट्यावरून आलेत, तुमच्याकडे एखाददुसरा गुण इकडेतिकडे करावा लागेल, पण फुगवल्याशिवाय राहू नका. तगड्या खेळाडूला स्नायपर घ्यायची बंदी घालणं वगैरे उपाय मला पटत नाहीत. त्याने मनापासून खेळायला यायचं आणि आपण त्याचे हात बांधायचे, हे बरोबर नाही.

आता प्रत्यक्ष रीत. जुन्या कॅलेंडरच्या पानामागे तीस चिठ्ठ्या करा. प्रत्येकीवर नाव, गुण, आणि कोपऱ्यात एजंटचा प्रकार. फरशीवर गुणांप्रमाणे पाच ओळी लावा, ओळीत सहा. प्रत्येक टीमला प्रत्येक ओळीतून एक चिठ्ठी. पहिल्या ओळीतला सर्वांत तगडा जिथे जाईल तिथे पाचव्या ओळीतला सर्वांत नवखा द्या. मग बेरीज बघा आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीतल्या चिठ्ठ्या हलवून सहाही बेरजा चार-पाच गुणांच्या आत आणा. हे काम एकट्याने करू नका, पण तिघांपेक्षा जास्त जणही नकोत. आणि त्या तिघांनी आपापल्या चिठ्ठ्या शेवटी दुसऱ्याच्या हाताने ठेवायच्या.

बेरीज जमली की तीन गोष्टी तपासा. प्रत्येक टीममध्ये स्मोक (समोरच्याची नजर अडवणारा धूर) टाकायला तयार असलेला एकजण आहे का? पाचही जण जेट किंवा रेना असे फक्त हल्ल्याचे एजंट घेणारे असतील तर बेरीज कितीही सुंदर असो, ती टीम हरणार. दुसरं, प्रत्येक टीममध्ये एक बोलणारा आहे का? तो सर्वांत भारी खेळणारा नसला तरी चालतो. आमचा सांगलीचा एक मित्र मोजून गोल्ड १ आहे, पण त्याच्या टीमला कधी गोंधळलेलं पाहिलं नाही, कारण राउंड सुरू व्हायच्या आधी तो दोन वाक्यांत काय करायचं ते सांगतो. तिसरं, पाचव्या ओळीतल्या प्रत्येकाला त्याने फॉर्ममध्ये लिहिलेलं माणूस मिळालंय का? बाकीच्यांना नाही मिळालं तर चालेल. नवख्याला मिळालंच पाहिजे, नाहीतर तो माइक बंद करून बसतो.

हे शेवटचं मी एवढं ठासून का सांगतो? मागच्या मे महिन्यात साताऱ्याची एक ताई पाचव्या ओळीत होती, ब्रॉन्झ १. तिची जवळची मैत्रीण त्याच टीममध्ये होती. सेमीफायनलला १२-११ वर त्यांचे चौघे गेले, समोर एक उरला आणि स्पाइक, म्हणजे खेळातला बॉम्ब, वाजत होता. डिफ्यूजला, म्हणजे तो निकामी करायला, सात सेकंद लागतात. साडेतीन सेकंद झाले की अर्धं काम राखलं जातं, मग सोडून परत आलं तरी तिथूनच पुढे चालू होतं. मैत्रीण हळू आवाजात सांगत होती, "अर्धं कर आणि सोड. सोड आता. तो डावीकडून येतोय." ताईने सोडलं, वळून त्याला पाडलं आणि परत जाऊन उरलेलं अर्धं केलं. १३-११. अनोळखी टीममध्ये टाकली असती तर तिने त्या वेळी कुणाचं ऐकलं असतं असं मला वाटत नाही.

टीम जाहीर करताना सहाही एकदम टाका. नावं टीमच्या आत अक्षरक्रमाने, गुण कुठेही नाहीत. गुणांची यादी कुणी कितीही मागितली तरी दाखवू नका आणि चिठ्ठ्या फाडून टाका.

बुधवारची चाचणी

टीम जाहीर करताना "बुधवारपर्यंत बदलू शकतात" असं स्पष्ट लिहा. बुधवारी प्रत्येक टीमला एक अर्धा डाव, म्हणजे बारा राउंड, खेळवा. ७-५ किंवा ८-४ ठीक. ९-३ च्या पुढे गेलं तर त्या दोन टीममधली एक अदलाबदल करा, आणि ती फक्त मधल्या ओळीतली. पाचव्या ओळीतल्याला कधीही हलवायचं नाही. तो त्याचा अर्थ "मी नको होतो" असाच घेतो. बुधवारनंतर कितीही रडारड झाली तरी टीम पक्क्या.

मॅचची रात्र

कस्टम लॉबीत स्टँडर्ड मोड, सर्व्हर मुंबई, टूर्नामेंट मोड चालू, चीट्स बंद, ओव्हरटाइम दोनच्या फरकाने. सात मॅप घ्या, दोन्ही टीम आळीपाळीने तीन-तीन काढतील, उरलेला खेळायचा. शेवटचा मॅप ज्यांनी काढला नाही त्यांनी बाजू निवडायची.

वीज जाणार, नेट जाणार. नियम एकच ठेवा: पहिल्या तीन राउंडमध्ये कुणी गेलं आणि पाच मिनिटांत आलं नाही तर मॅच पुन्हा पहिल्यापासून. त्यानंतर गेलं तर चौघांनी खेळायचं आणि तो आला की आत घ्यायचं. राखीव म्हणून दोन-तीन जण प्लॅटिनमच्या आसपासचे ठेवा, आणि त्यांना कमेंट्री द्या म्हणजे ते बसून कंटाळत नाहीत. आमची कमेंट्री मराठीत असते, आणि ती ऐकायला न खेळणारे घरचे लोकही येतात.

टीमच्या चॅनलवर आपल्याच माणसाला "तू काय करतोयस" म्हणणाऱ्याला मी एकदा समज देतो, दुसऱ्यांदा राखीव आत येतो. हे दोनदा करावं लागलं आहे, त्यातल्या एकदा सेमीफायनलमध्ये. तो एक महिना माझ्याशी बोलला नाही. पुन्हा वेळ आली तरी तेच करीन.

फायनल संपल्यावर लगेच चॅनल बंद करू नका. हरलेले-जिंकलेले मिसळून एक-दोन मॅच खेळतात, आणि पुढच्या वेळी कुणाला कुणाबरोबर मोकळं वाटेल ते तुम्हाला तिथे कळतं. मी तेव्हा खेळत नाही, कागद घेऊन ऐकत बसतो आणि नावांच्या जोड्या लिहून ठेवतो. पुढचा फॉर्म भरायला लोक विसरले तरी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे असतं.