लहान मुलाला वारंवार गळवे होत असतील तर कारण कसे शोधावे

वडोदऱ्यात मे महिन्यात लहान मुलाच्या अंगावर गळू दिसले, की घरातल्यांचे पहिले बोट आंब्याकडे जाते. दांडिया बाजारातल्या आमच्या घरीही तेच झाले. साडेतीन वर्षांच्या माझ्या नातवाला मांडीवर आणि कुल्ल्यावर एकामागून एक गळवे होऊ लागली, तेव्हा ‘उष्णता झाली आहे, रस बंद करा’ असा निवाडा सर्वांनी दिला. पोराचा रस बंद झाला, पण गळवे मात्र नवरात्रापर्यंत येतच राहिली आणि तोवर घरात आंब्याची कोयसुद्धा उरली नव्हती.

गळू किंवा केसतूड म्हणजे केसाच्या मुळाशी झालेला जंतुसंसर्ग होय, आणि तो बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूमुळे होतो. द्राक्षांच्या घोसासारखे दिसणारे हे जंतू स्कॉटिश शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑग्स्टन यांना १८८० साली गळवातल्या पुवात आढळले. साधारणपणे दर तीन माणसांत एकाच्या नाकपुडीत ते काहीही त्रास न देता राहतात. काखेत, जांघेत आणि गुदद्वाराभोवतीही त्यांचे ठाणे असते. त्यामुळे गळवे पुन्हा पुन्हा येत असतील तर दोन गोष्टींचा माग काढावा: जंतू घरात कोणाकडून येतो आणि मुलाच्या त्वचेत त्याला वाट कुठून मिळते.

माग काढण्याआधी हातातल्या गळवाकडे पाहावे. स्वच्छ फडके कोमट पाण्यात बुडवून, पिळून, दहा-पंधरा मिनिटे गळवावर ठेवावे आणि असे दिवसातून तीन-चार वेळा करावे. फडक्याची ऊब आधी स्वतःच्या मनगटावर तपासावी. कढत पोटिसाने मुलांची कातडी भाजते, म्हणून पोटीस नकोच. गळू पिकून तोंड आले तरी ते दाबू नये, सुईने फोडू नये. नाक आणि वरच्या ओठाजवळचे तर मुळीच नाही, कारण तिथला संसर्ग आत डोळ्यामागे आणि मेंदूच्या शिरांपर्यंत जाण्याचा धोका असतो. आपोआप फुटले तर पू गॉझने टिपून घ्यावा, वर कोरडी पट्टी लावावी आणि हात साबणाने धुवावेत. मांडीवरच्या गळवाबरोबर जांघेत अवधाण (दुखरी गाठ) येणे नेहमीचे आहे. परंतु मूल तीन महिन्यांहून लहान असेल, ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक असेल, लाली झपाट्याने पसरत असेल, डोळ्याभोवती सूज असेल, मूल मलूल झाले असेल किंवा हात-पाय हलवू देत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आता मागाविषयी. एक साधी वही घ्यावी आणि प्रत्येक गळवाची तारीख, अंगावरची जागा, आकार (ज्वारीचा दाणा, हरभरा, लिंबू), ताप, दिलेले औषध आणि ते किती दिवस दिले, एवढे लिहावे. आमच्या वहीतून पहिली गोष्ट निघाली ती लाजिरवाणी होती: औषधाच्या दुकानातून आणलेले प्रतिजैविक आम्ही दर वेळी दोन-अडीच दिवस देऊन, ठणका थांबला की बंद करत होतो. दुसरी गोष्ट डॉक्टरीणबाईंच्या एका प्रश्नातून निघाली. ‘घरात आणखी कोणाला फोड येतात का?’ आम्ही सरळ नाही म्हणालो. मग माझा मुलगा, म्हणजे नातवाचा बाप, हळूच म्हणाला, की दाढीच्या जागी आणि काखेत त्याला अधूनमधून केसतूड होते. नातवाचे आजोबा वर्षातून तीनदा रांजणवाडीने बेजार असत, पण तिला फोड म्हणायचे कोणाच्या डोक्यातही आले नव्हते. आणि न्हाणीच्या दारामागे, एकाच खिळ्यावर, तिघांच्या अंगाला लागणारा एकच जाडजूड टॉवेल लटकत होता, जो पावसाळ्यात दिवसभर ओलाच असे.

म्हणून प्रत्येकाचा टॉवेल, वस्तरा आणि शक्य तर साबण वेगळा असावा. टॉवेल, चादरी आणि मुलाच्या चड्ड्या गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवाव्यात. मुलाची नखे आठवड्याला कापावीत. नाकपुडीत लावायचे म्युपिरोसिनचे मलम आणि क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने अंग धुणे हे उपाय डॉक्टरांनी सांगितले तरच करावेत. ते बहुधा पाच दिवसांचे असतात, आणि घरातल्या सर्वांनी एकाच वेळी केले तर जंतू एकाकडून दुसऱ्याकडे परत येण्याची शक्यता कमी होते.

वाट शोधताना मुलाला दिवसाउजेडी उघडे करून डोक्यापासून पायापर्यंत पाहावे. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती पुरळ आणि रात्री वाढणारी खाज असेल तर ती खरूज समजावी. तिचे औषध सगळ्या घराने एकाच दिवशी लावावे लागते. मानेच्या मागे गळवे असतील तर फणीने केस विंचरून उवा-लिखा पाहाव्यात. इसब, डासांचे खाजवलेले चावे आणि घामोळे याही वाटाच आहेत, आणि आपल्याकडच्या दमट उन्हाळ्यात तान्ह्या बाळाला चोपडून तेल लावले की घामोळ्याचीच गळवे होतात. डोक्यावर केस गळालेला, मऊ, पू भरलेला उंचवटा दिसला तर तो बुरशीचा संसर्ग असू शकतो. त्याला चिरा देत नाहीत, पोटातून बुरशीविरोधी औषध लागते. बीसीजीची लस डाव्या दंडावर दिल्यानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी डाव्या काखेत आलेली गाठही गळवासारखी भासते, ती डॉक्टरांना दाखवावी. ‘सगळ्यावर चालते’ म्हणून दिलेल्या मिश्र मलमांत बहुधा स्टेरॉइड असते आणि ते संसर्ग झाकून वाढवते.

वर्षात तीन किंवा अधिक गळवे झाली, की बालरोगतज्ज्ञाकडे जावे; वडोदऱ्याच्या सयाजी रुग्णालयातही बालरोग विभाग आहे. गळवाला चिरा देताना निघणारा पू कल्चरसाठी (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी) पाठवण्याची विनंती करावी, आणि ती शक्यतो प्रतिजैविक सुरू होण्याआधी, कारण नेहमीच्या औषधांना दाद न देणारे जंतू त्यातूनच कळतात. सोबत रक्तगणना व साखर तपासतात. मुलाला खूप तहान लागत असेल, लघवी वारंवार होत असेल, वजन उतरत असेल, तर साखरेची तपासणी त्याच दिवशी हवी.

प्रतिकारशक्तीचा जन्मजात दोष ही शंका आईबापांना सर्वात आधी छळते, पण प्रत्यक्षात ती सर्वात शेवटी घ्यायची असते. गळवे वारंवार होणाऱ्या बहुसंख्य मुलांची प्रतिकारशक्ती ठीक असते. न्यूमोनिया वारंवार होणे, यकृतासारख्या आतल्या अवयवात पू होणे, जखमा भरून न येणे, वजन न वाढणे किंवा कुटुंबात मुले संसर्गाने लहानपणीच दगावलेली असणे, यांपैकी काही असेल तर मात्र श्वेतपेशींच्या विशेष चाचण्यांविषयी आपणहून विचारावे.

डॉक्टरांकडे जाताना ती वही, आधीच्या औषधांची वेष्टने आणि मलमाची रिकामी नळीसुद्धा बरोबर न्यावी. मुलाच्या वडिलांनाही न्यावे, कारण काखेतल्या फोडांविषयी ते घरी बोलत नाहीत.